चालू सर्व्हरमधील डिस्क बदलताना

शाळेचे जनरल रजिस्टर ही नुसती नावांची यादी नव्हे. जात पडताळणीच्या वेळी वडिलांच्या, आजोबांच्या शालेय नोंदीचा उतारा मागितला जातो. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर कित्येक कुटुंबांनी रजिस्टरात अभिमानाने ‘बौद्ध’ असे नोंदविले. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला तो 1990 साली. त्या एका रकान्यात चौतीस वर्षांचा इतिहास दडलेला आहे. ही पाने स्कॅन होऊन आज कार्यालयातील सर्व्हरमध्ये आहेत. म्हणून, सुट्टीच्या दिवशी मदतीस येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी हे टिपण.

यंत्र बंद न करता त्याचा भाग बदलण्याच्या सोयीस हॉट-स्वॅप म्हणतात. तिची युक्ती जोडणीतील पट्ट्यांच्या लांबीत आहे. सर्व्हरच्या बाजूस अर्थिंगच्या काही पट्ट्या लांब असतात. त्या सर्वांआधी टेकतात व सर्वांनंतर सुटतात. त्यानंतर थोडा, रोखलेला प्रवाह आत येतो आणि मगच पूर्ण वीज. अशी रचना रॅमला किंवा साध्या संगणकातील कार्डांना नसते. तेथे वीज तोडल्यावाचून हात घालू नये.

वीज हा मात्र येथला मोठा धोका नव्हे. मोठा धोका चुकीची डिस्क ओढण्याचा! अनेक डिस्क एकत्र बांधून माहिती राखण्याची ‘रेड’ पद्धत 1988 साली बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी मांडली. तिच्या रेड-5 या प्रकारात एक डिस्क निकामी झाली तरी काम चालते. त्याच अवस्थेत दुसरी काढली की सारेच गेले. केवळ पिवळ्या दिव्यावर विसंबू नये. पडद्यावर दिसणारा अनुक्रमांक टिपून घ्यावा, आणि प्रणालीतून त्याच कप्प्याचा दिवा लुकलुकवून खात्री करावी. त्याआधी वेगळ्या जागी ठेवलेली प्रत उघडून पाहावी, कारण रेड म्हणजे बॅकअप नव्हे.

मग प्रणालीस डिस्क काढत असल्याचे सांगावे. सर्व्हरच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज उतरवावी; मनगटपट्टा असल्यास उत्तमच. खटका दाबून ट्रे बोटभर ओढावा व अर्धा मिनिट थांबावे. आतील तबकडी अजून फिरत असते. नवी डिस्क तेवढ्याच वा अधिक क्षमतेची हवी. ती सरळ रेषेत सरकवावी, जोर करू नये; खटका बसल्याचा आवाज यावा. पुढे माहितीची पुनर्रचना कित्येक तास चालते. तोवर दुसऱ्या कुठल्याही ट्रेला हात लावू नये. हा संयमच बहुतेकांना जड जातो.

पॉवर सप्लाय जोडीने असतात. चालू असलेल्याचा हिरवा दिवा पाहून मगच बिघडलेल्याची वायर काढावी. पंखा बदलताना नवा आधीच खोक्याबाहेर काढून ठेवावा, कारण आतली उष्णता झपाट्याने चढते. देवनारकरांना धुळीविषयी वेगळे सांगणे नको; 1927 पासूनचे डम्पिंग ग्राऊंड शेजारी आहे. जाळी नियमित झाडावी.

काढलेली डिस्क भंगारवाल्यास देऊ नये. निकामी म्हटलेल्या डिस्कमधूनही पाने वाचता येतात. तिच्या तबकड्या फोडून मगच ती नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे द्यावी व पावती दप्तरी ठेवावी.