जखम भरत का नाही?

पायाची जखम दोन-दोन महिने भरत नाही, ड्रेसिंग रोज चालू असते आणि घरचे म्हणतात, ‘अंगात रक्तच उरलं नाही.’ मधुमेह असलेल्या घरांतून हे आम्ही नेहमी ऐकतो. आम्ही वाणिज्य शाखेचे, डॉक्टर नव्हे. पण वाचून समजले ते असे, की पुष्कळदा अडथळा जखमेतून पाझरणाऱ्या लशीतही असतो.

जखम झाली की शरीर तेथे एन्झाइम, म्हणजे विकरे सोडते. मेलेला भाग तोडून नव्या पेशींना वाट करून देणे हे त्यांचे काम. असे एक विकर १९६२ साली अमेरिकेत ग्रॉस आणि लापिएर या संशोधकांना बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत सापडले. पिल्लू मोठे होताना त्याची शेपूट विरते, ती अशाच विकरांमुळे. साध्या जखमेत काम संपले की ती कमी होतात. चिघळलेल्या जखमेत मात्र साचून राहतात आणि नवे कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारे धागेच तोडत बसतात. पाडकाम संपले तरी घण चालूच, मग भिंत उभी राहणार कशी?

शोषक ड्रेसिंगचा उपयोग येथे होतो. समुद्रशेवाळापासून केलेले आल्जिनेट, फोम, किंवा बाळाच्या डायपरमध्ये असते तसली पाणी धरणारी पूड भरलेले पॅड. लशीबरोबर विकरेही त्यात अडकतात. शिवाय या विकरांना जस्त आणि कॅल्शियम लागते. ही पूड तेही धरून ठेवते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

साधे गॉझही लस शोषते, पण सुकून चिकटते आणि ओढताना नवी कातडी घेऊन येते. ‘जखम उघडी ठेवा, वाऱ्याने सुकेल’ हा सल्लाही आता जुना झाला. १९६२ सालीच इंग्लंडमध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग केला. ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. म्हणून जास्तीची लस काढायची, ओल ठेवायची. लस थोडीच असेल तर शोषक पॅड नकोच.

ही ड्रेसिंगे महाग आहेत, आणि त्यांनी जखम हमखास लवकर भरते याचा पुरावा अजून तोकडा आहे. कर्ज काढून आणू नयेत. आधी साखर आटोक्यात आणावी, पायावरचा भार कमी करावा, पायाला रक्त नीट पोहोचते का ते सरकारी रुग्णालयात तपासून घ्यावे. जखम काळी पडली, वास येऊ लागला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.