विदासंचयन व राखीव प्रती, लघुव्यवसायातील

विदासंचयन व राखीव प्रती, लघुव्यवसायातील : हिशेब, ग्राहकांच्या याद्या, पत्रव्यवहार, आराखडे, छायाचित्रे इ. व्यावसायिक विदा म्हणजेच डेटा संगणकीय साधनांवर जतन करणे यास विदासंचयन म्हणतात. मूळ विदा नष्ट झाल्यास ती परत मिळविता यावी म्हणून निराळी करून ठेवलेली प्रत म्हणजे राखीव प्रत वा बॅकअप होय. विदा चटकन हाती यावी हा संचयनाचा हेतू, तर ती कायमची गमावली जाऊ नये हा राखीव प्रतीचा हेतू असतो. दोन्ही हेतू एकाच साधनाने साधतात, या समजुतीमुळे लहान व्यवसायांचे पुष्कळदा नुकसान होते. कागदी वह्यांच्या काळी खतावणी खराब झाली, तर रोजकीर्दीवरून ती पुन्हा लिहून काढता येई. संगणकावर मात्र दोन्ही एकाच तबकडीवर असतात व तबकडी बंद पडल्यास दोन्ही एकदमच जातात.

निवडीची पूर्वतयारी : साधने विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. किती काळातील काम पुन्हा करावे लागले तरी सोसेल, ही पहिली. तीवरून प्रती किती वेळा घ्याव्यात हे ठरते. काम किती वेळ बंद राहिले तरी चालेल, ही दुसरी. तीवरून प्रत कोठे व कोणत्या साधनावर ठेवावी हे ठरते. किराणा दुकानास एका दिवसाची बिले पुन्हा नोंदविता येतात. परंतु छायाचित्रकारास झालेल्या विवाहसोहळ्याची छायाचित्रे पुन्हा घेता येत नाहीत.

साधने : व्यापारी वापराची पहिली चुंबकीय तबकडी-यंत्रणा आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणली, तिच्या ५० तबकड्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. हल्लीच्या तळहाताएवढ्या हार्ड डिस्कवर याच्या लाखो पट विदा मावते. हार्ड डिस्क स्वस्त असते, परंतु तिच्यात फिरते भाग असल्याने ती धक्क्याने व झिजेने बिघडते. एसएसडी या साधनात फिरते भाग नसतात व ते वेगवान असते; मात्र वीजपुरवठ्याविना दीर्घकाळ ठेवल्यास त्यातील विद्युत् भार क्षीण होऊन विदा नाहीशी होऊ शकते, म्हणून कपाटात वर्षानुवर्षे ठेवावयाच्या प्रतीसाठी ते योग्य नव्हे. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यापुरताच वापरावा. कार्यालयातील सर्व संगणकांना जोडलेल्या सामाईक संचयन-पेटीस नॅस म्हणतात. क्लाउड सेवेत विदा इंटरनेटद्वारा दूरच्या केंद्रातील संगणकांवर ठेवली जाते.

अनेक तबकड्यांचा एकत्र उपयोग करण्याच्या ‘रेड’ या पद्धतीवरील प्रबंध डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडला. तिच्या साध्या प्रकारात दोन तबकड्यांवर एकच मजकूर लिहिला जातो व एक बिघडल्यास दुसरीवर काम चालू राहते. परंतु चुकून पुसलेली नोंद दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. शिवाय आग, चोरी वा पूर यांत दोन्ही एकत्रच सापडतात. म्हणून रेड ही काम अखंड चालू ठेवण्याची सोय असून ती राखीव प्रत नव्हे. क्लाउडशी आपोआप जुळवून घेणाऱ्या फोल्डरलाही हेच लागू पडते; जुन्या आवृत्त्या काही काळ राखून ठेवण्याची सोय असेल, तरच त्याचा काही अंशी आधार असतो.

प्रतींचे पृथक्त्व : मूळ विदेसह एकूण तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, असा ‘३-२-१’ नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला. एका आपत्तीने सर्व प्रती एकदम नष्ट होऊ नयेत, हे त्यामागील तत्त्व होय. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पुराच्या पाण्याखाली गेली. अशा वेळी दुकानातील संगणक व त्याच्याच खणात ठेवलेली प्रत यांची गत सारखीच होते. क्लाउड सेवाही यास अपवाद नाही. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या विदाकेंद्राची इमारत जळाली, तेव्हा राखीव प्रतीही त्याच आवारात असलेल्या काही ग्राहकांची विदा कायमची गेली.

विदा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअर आज्ञावली संगणकास जोडलेल्या प्रतीही निकामी करतात. जून २०१७ मध्ये तशाच रूपात पसरलेल्या नॉटपेट्या या विध्वंसक आज्ञावलीने मार्स्क या डॅनिश नौवहन कंपनीचे कामकाज ठप्प केले; न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनललाही याची झळ पोहोचली. तिच्या संगणक-जाळ्यातील वापरकर्त्यांची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांच्या प्रती राखत असल्याने सर्व एकदमच निकामी झाले. केवळ घानातील एक, वीज गेल्याने जाळ्यापासून तुटलेला असल्यामुळे वाचला व त्यावरून सर्व उभारणी झाली. एवढ्या मोठ्या कंपनीस योगायोगाने लाभलेले हे संरक्षण लहान व्यावसायिकास हार्ड डिस्कची तार काढून ठेवून मिळविता येते.

नमुना योजना : पाचसहा संगणक व ४०० गीगाबाइट विदा असलेल्या मुद्रणालयाचे उदाहरण घेता येईल. चालू काम दोन तबकड्यांच्या नॅसवर ठेवावे. दोन बाह्य हार्ड डिस्क आळीपाळीने वापरून आठवड्यातून एकदा पूर्ण प्रत घ्यावी व त्यांपैकी एक नेहमी दुसऱ्या वस्तीत, उदा., मालकाच्या घरी असावी. हिशेबाची विदा आकाराने लहान असल्याने तिची प्रत रोज क्लाउडवर पाठवावी. सर्वच विदा क्लाउडवर ठेवावयाची झाल्यास वेळेचा हिशेब करावा लागतो : सेकंदास २० मेगाबिट वेगाने ४०० गीगाबाइट पाठविण्यास सुमारे ४४ तास लागतात, सेकंदास १०० मेगाबाइट वेगाच्या हार्ड डिस्कवर तेवढीच विदा तासाभराहून थोड्या अधिक वेळात उतरते. बाहेर जाणारी प्रत सांकेतिक लिपीत बद्ध असावी. मात्र तिचा परवलीचा शब्द कागदावर लिहून वेगळ्या सुरक्षित जागी ठेवावा, कारण तो विसरल्यास प्रत निरुपयोगी ठरते.

कायदेशीर बाजू : वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, तर कंपनी अधिनियम, २०१३ नुसार कंपन्यांनी आपले हिशेब किमान आठ आर्थिक वर्षे जपावयाचे असतात. इलेक्ट्रॉनिक हिशेबांची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवण्याचे बंधन २०२२ मधील सुधारित नियमांनी कंपन्यांवर घातले आहे.

पडताळा : प्रत घेतली गेली याची सूचना पडद्यावर उमटणे म्हणजे ती उपयोगी आहे याचा पुरावा नव्हे. तबकडी सदोष असणे, एखादे फोल्डर वगळले जाणे, हिशेबाची आज्ञावली उघडी असताना अर्धवट प्रत निघणे, असे दोष विदा परत मिळवू पाहतानाच उघडकीस येतात. यासाठी तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या संगणकावर प्रत उतरवून मागील महिन्याचा ताळेबंद व एखादे जुने बिल उघडून पाहावे, यास लागलेला वेळ नोंदवावा आणि ही रीत एकाहून अधिक व्यक्तींना शिकवून ठेवावी. ज्या प्रतीवरून विदा एकदा प्रत्यक्ष परत मिळवून पाहिली आहे, तिच्यावरच व्यवसायास विसंबून राहता येते.