तिसरीत मी एकटीच!

शनिवार म्हणजे उशिरा उठणं, ब्रंच आणि मल्टिप्लेक्स. माझा एक शनिवार मात्र फक्कीच्या रेघा, लेझीम आणि खिचडीत गेला. आणि एका तिसरीतल्या मुलीनं माझी पार विकेट काढली!

‘‘पाढे पाठ आहेत का गं अजून?’’

गुरुवारची रात्र, साडेनऊ वाजलेले. मांडीवर लॅपटॉप, समोर थंड झालेली कॉफी, दहा मिनिटांत क्लायंटचा कॉल. अनोळखी नंबर बघून मी ‘क्रेडिट कार्ड नकोय’ म्हणायच्या तयारीत होते. तेवढ्यात हा प्रश्न आला आणि मी सोफ्यावर एकदम ताठ बसले. तीस वर्षांची, बारा जणांची टीम सांभाळणारी मी! पण गुरुजींचा आवाज आला की पाठीचा कणा आपोआप सरळ होतो, त्याला कोण काय करणार?

मला चौथीपर्यंत शिकवणारे हे गुरुजी आता केंद्रप्रमुख झाले आहेत. त्यांच्या केंद्रात अकरा शाळा. शनिवारी केंद्राच्या कला-क्रीडा स्पर्धा होत्या आणि वक्तृत्वाला त्यांना परीक्षक हवा होता.

‘‘गुरुजी, मला काय कळतं त्यातलं?’’

‘‘चौथीत तुला बक्षीस मिळालं होतं की. आणि हल्ली दिवसभर मीटिंगात बोलतच असतेस ना? बाहेरचा माणूस असला की बरं पडतं गं. आमच्यातलाच बसवला की लगेच कुजबुज सुरू, अमक्यानं आपल्याच शाळेला नंबर दिला म्हणून.’’

नाही म्हणायची सोय नव्हती. शनिवारी पहाटे गाडी काढली. कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूरचा टोलनाका, कापूरहोळला उजवीकडे वळून भोर आणि मग पुढे डोंगरात. भाताची कापणी झालेली, खाचरांत पेंढ्याच्या गंजी उभ्या. ‘वॉव’ म्हणून दोन-तीन फोटोही काढले. खरं तर हे माझंच गाव. पण गेली कित्येक वर्षं मी इथे पाहुणीसारखीच येते.

फक्की, हलगी आणि माईक टेस्टिंग

आपल्याकडे शाळेचा कार्यक्रम म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? भाड्याचं सभागृह, एलईडी स्क्रीन, बाहेरून बोलावलेला कोरिओग्राफर. माझ्या भाच्याच्या अ‍ॅन्युअल डेला तो जंगलातल्या चाळीस झाडांपैकी एक झाड होता. कॉश्च्युमचे पैसे वेगळे. शेवटी सगळ्या चाळीस झाडांना मेडल. भाचा खूश, ताई खूश, आम्हीही व्हिडिओ काढून खूश. त्यात वाईट काहीच नाही.

इथला मामला वेगळा. मैदानावर फक्कीनं मारलेल्या रेघा, एका कोपऱ्यात हलगीवर लेझीम, दुसऱ्या कोपऱ्यात पोषण आहाराच्या मोठ्या पातेल्यात शिजणारी खिचडी आणि या सगळ्यावर ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’! पहिली ते पाचवी लहान गट, सहावी ते आठवी मोठा गट. कबड्डी, खो-खो, लंगडी, धावणं, लांब उडी, भजन, समूहगीत, वक्तृत्व. केंद्रात जिंकलात तर बीटला जायचं, तिथं जिंकलात तर तालुक्याला आणि मग थेट जिल्ह्याला. कॉर्पोरेटमधली प्रमोशनची शिडी परवडली, इतकी ही चढण अवघड! कारण एका वेळी एकच पायरी आणि त्या पायरीवर फक्त पहिल्या नंबरालाच जागा.

जिल्हा परिषदेच्या शाळा म्हटलं की शहरात आपल्याला दोनच प्रकारच्या बातम्या ठाऊक असतात. एक म्हणजे छत गळतंय, शिक्षक नाहीत. दुसरी म्हणजे एकदम भन्नाट! सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी २०२० मध्ये दहा लाख डॉलर्सचं ग्लोबल टीचर प्राइझ जिंकलं आणि त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. २०२५ मध्ये पुणे जिल्हा परिषदेनं आयुकाच्या मदतीनं चाळणी लावून २५ मुलांना नासा दाखवायला निवडलं. अशा बातम्या आपण ‘प्राउड मोमेंट’ म्हणून फॉरवर्ड करतो आणि पुढच्या मेसेजकडे वळतो. पण या दोन टोकांच्या मध्ये जे रोज घडत असतं, त्याची बातमी होत नाही. मी त्या मधल्याच जागी येऊन पडले होते.

‘शाळेला कुलूप लावून आलोय’

चहा पिताना एक तरुण शिक्षक भेटले. त्यांनी शाळेचं नाव सांगितलं आणि मी उडालेच. माझीच शाळा! गावापासून चार किलोमीटर वर असलेल्या आमच्या वाडीवरची.

‘‘किती मुलं आणलीत सर?’’

‘‘सगळी! शाळेला कुलूप लावून आलोय.’’ सर हसले. ‘‘सात जण आहेत मॅडम. पहिलीत दोन, चौथीत दोन आणि दुसरी, तिसरी, पाचवीत एकेक.’’

सात! माझ्या वेळी आम्ही अडतीस होतो. आता साताची कबड्डीची टीम पुरी होते खरी, पण त्यात पहिलीची दोन चिमुरडी धरायची का? खो-खोला तर मैदानात नऊ जण लागतात. म्हणजे तो खेळ बादच. लेझीम, समूहगीत, सगळीकडे तोच वांधा. उरलं धावणं, लांब उडी आणि वक्तृत्व. प्रत्येक शाळेला वक्तृत्वात दोन मुलं उतरवता येत होती. माझ्या शाळेचं एकच नाव होतं. असे अकरा शाळांचे मिळून एकवीस वक्ते माझ्यासमोर बसले.

आपल्याच शाळेची मुलगी स्पर्धेत आहे, हे मी गुरुजींच्या कानावर घातलं. ते शांतपणे म्हणाले, ‘‘मग तिला जास्त कडक तपास.’’

पहिला माझाच, शेवटचाही माझाच

माझ्या हातात गुणपत्रक होतं. आशय, पाठांतर, उच्चार, हावभाव, वेळ. प्रत्येकी दहा, एकूण पन्नास. वेळ तीन मिनिटं. दोन मिनिटांच्या आत संपवलं तर त्या रकान्यात दहापैकी चारच गुण, असा नियम.

‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’नं सुरुवात झाली. मोबाईल शाप की वरदान, पाणी वाचवा, सावित्रीबाई, शिवराय. एक पाचवीतला मुलगा तर अफलातून होता. खणखणीत आवाज, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, बरोबर तीन मिनिटांना ‘जय हिंद’! मी त्याला मनातल्या मनात पहिला नंबर देऊनही टाकला.

मग ती आली. लाल रिबिनींच्या दोन वेण्या, माईक तिच्या कपाळाच्या उंचीला. सरांनी माईक खाली केला. विषय, ‘माझी शाळा’. सुरुवातीचं बालमित्रांनो वगैरे झालं आणि ती म्हणाली,

‘‘आमच्या शाळेत सात मुलं आहेत. तिसरीत मी एकटीच आहे. त्यामुळं माझा दर वर्षी पहिला नंबर येतो.’’

मांडवात हशा पिकला. ती थांबली. हसू ओसरू दिलं. हे टायमिंग तिला कोणी शिकवलं असेल असं मला नाही वाटत.

‘‘शेवटचा नंबर पण माझाच येतो. माझ्या पुढं पण कोणी नाही आणि मागं पण कोणी नाही. दुपारच्या सुट्टीत मी पहिलीतल्यांना खेळवते. पण माझ्याशी भांडायला कोणी नाही. आज इथं पुष्कळ मुलं आहेत. आज मला माझा खरा नंबर कळेल.’’

आणखी थोडं सरांबद्दल, थोडं शाळेमागच्या जांभळीबद्दल. जय हिंद, जय महाराष्ट्र. खाली उतरली. दीड मिनिट!

मी गुणपत्रकाकडे बघत बसले. आशयाला दहापैकी दहा. बाकीच्या तीन रकान्यांतही नाव ठेवायला जागा नव्हती. पण वेळ? चार. बेरीज केली. पाचवीतला मुलगा चव्वेचाळीस, ही एक्केचाळीस. दोनदा बेरीज केली. त्या चाराच्या जागी दहा असते, तर ती बीटला जाणार होती.

खोडरबर हाताशी होतं. बघायलाही कोणी नव्हतं. पण ती काय म्हणाली होती? ‘खरा नंबर’. मी माझ्या वाडीचं, माझ्या शाळेचं म्हणून तिला तीन-चार गुण ढकलले असते, तर तो पुन्हा खोटाच नंबर झाला असता. मी कागदावर सही केली आणि गुरुजींकडे दिला. दुसरा क्रमांक. दुसऱ्याला प्रशस्तिपत्र आणि कंपासपेटी मिळते, पुढची पायरी नाही. खिचडी छान झाली होती म्हणतात. माझ्या घशाखाली उतरत नव्हती.

एक किलोमीटरचं गणित

मुलांची वडापची जीप संध्याकाळी येणार होती. मी म्हटलं, निम्मी मुलं माझ्या गाडीत घेते. सर पुढे बसले. वाटेत मी न राहवून विचारलं, ‘‘शाळा बंद होणार का हो?’’

हा प्रश्न आमच्या वाडीपुरता नाही. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून जास्त असल्याचा आकडा २०२३ मध्ये गाजला. त्याच वर्षी शिक्षण आयुक्तांनी अशा शाळांचे ‘समूह शाळे’साठी प्रस्ताव मागवले. म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून मुलांना वाहनानं मोठ्या शाळेत आणायचं. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही त्यासाठी दाखवली गेलेली उदाहरणं. दुसरीकडे शिक्षण हक्क कायदा म्हणतो, पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी.

मला वाटलं होतं, सर तावातावानं एक बाजू घेतील. ते म्हणाले, ‘‘मॅडम, ऐकलंत ना तिचं? तिला सोबत पाहिजे. सात पोरांत ती कुठून आणू? पण पावसाळ्यात हा रस्ता बघा. ओढ्याला पाणी आलं की जीपवालाही येत नाही. पहिलीचं पोर चार किलोमीटर खाली जाणार कसं? मुलगा असला तर एखादा बाप सोडेलही. मुलींचं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.’’

मला माहीत होतं. माझ्या वर्गातल्या दोघी पाचवीनंतर घरीच राहिल्या होत्या.

तेव्हा कुठे मला गुरुजींच्या त्या आटापिट्याचा अर्थ लागला. इतकी वर्षं मी समजत होते की केंद्राच्या स्पर्धा पहिला नंबर शोधायला असतात. तसं नाही हो. एकट्या मुलांना एका दिवसापुरता भरलेला वर्ग मिळावा, म्हणून त्या असतात. भांडायला कोणी, मागं टाकायला कोणी आणि आपल्याला मागं टाकणारंही कोणी! अकरा शाळांची एक मोठी शाळा, वर्षातून एक दिवस. माझं मत विचाराल तर तो दिवस महिन्यातून एकदा यायला हवा.

फळ्यावरची नावं

सरांनी शाळेचं कुलूप काढलं. भिंतीवर तोच जुना गुणगौरव फलक. ‘शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी’. ऑइलपेंटनं लिहिलेली नऊ नावं आणि त्यात माझं. तेव्हा ही परीक्षा चौथीला असायची. २०१७ मध्ये ती पाचवीला गेली.

मी नावं वाचत गेले. एक पुण्यात, एक मुंबईत, दोघं चाकणला कंपनीत, एकजण थेट दुबईत. वाडीवर एकही नाही. ज्यांचं ज्यांचं कौतुक झालं, ते सगळे गेले! मग आमची मुलंही शहरातच जन्मली आणि वाडीचा पट अडतीसवरून सातावर आला. शाळा कोणी रिकामी केली म्हणून सरकारकडे बोट दाखवायला मी मोकळी आहे; पण त्या यादीत माझंही नाव आहे, तेही ऑइलपेंटनं.

मी जायला नको होतं का? असं मी म्हणणार नाही. ती तिसरीतली मुलगीही उद्या जाईल आणि जावंच तिनं. पण गेलेल्यांना वर्षातला एक शनिवार परत यायला काय हरकत आहे? भाषण ठोकायला नको, चेक फाडायलाही नको. परीक्षक म्हणून बसा, धावण्याच्या शर्यतीला स्टॉपवॉच धरा, खिचडी वाढा. तुमच्याही गावच्या केंद्राला एक केंद्रप्रमुख असतात आणि ‘बाहेरचा माणूस’ शोधता शोधता ते मेटाकुटीला आलेले असतात. आणि हो, बक्षिसाच्या कंपासपेट्या बहुतेक शिक्षक स्वतःच्या खिशातून आणतात, असं मला सरांनी अगदी सहज सांगितलं. पुढच्या वर्षीच्या माझ्याकडे!

निघताना मी तिला म्हटलं, ‘‘सॉरी गं. थोडक्यात हुकलं.’’

तिला माझ्या सॉरीशी काही देणंघेणं नव्हतं. ‘‘किती जण होते?’’ तिनं विचारलं.

‘‘एकवीस.’’

ती बोटांवर मोजायला लागली. मग डोळे मोठ्ठे झाले. ‘‘म्हणजे एकोणीस जण माझ्या मागं?’’

सरांनी तोवर फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : केंद्रस्तर वक्तृत्व, दुसरा क्रमांक. तिनं खडू घेतला, टाचा उंचावल्या आणि पुढं आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात भर घातली,

‘२१ पैकी’.