पोरी पिक्चर बघून आल्या की

परीक्षा संपल्या, बार्शीचं ऊन तापायला लागलं. पोरी सकाळी भगवंताच्या देवळात, दुपारी कुणाच्या तरी घरी पिक्चर बघायला जमतात. आल्या की आपण विचारतो, ‘कोण कोण होतं? एवढा उशीर का?’ पिक्चर कसा वाटला, हे विचारायचं राहूनच जातं.

२०१६ च्या एप्रिलअखेर, ऐन सुट्टीत ‘सैराट’ आला. नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, जेऊरचे. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, तेव्हा शाळकरी. गाण्यांवर वरातीत आपणही नाचलो! पण शेवटी आर्चीच्या माहेरचेच तिचा आणि परश्याचा जीव घेतात. हे बघून एक पोर म्हणते, ‘चूक तिचीच.’ दुसरी म्हणते, ‘भावानं असं का केलं?’ पहिलीला घरच्यांची भीती तर वाटत नाही ना, हे आपल्याला कळायला हवं. कारण भ्यालेली पोर रस्त्यात कुणी छेडलं तरी सांगत नाही. फिरणं, शाळा बंद होईल, लग्न उरकतील, असं तिला वाटतं.

भाकरी थापता थापता सहज विचारा, ‘तू आर्चीच्या आईच्या जागी असतीस तर?’ मग मधे बोलू नका. उत्तर टोचलं तरी मोबाइल काढून घेऊ नका.