बास गिटार अ‍ॅम्प्लिफायर : इनपुट व गेन

बास गिटारच्या पिकअपमधून निघणारा क्षीण विद्युत् संकेत स्पीकर चालविण्याइतका सशक्त करणाऱ्या उपकरणास बास गिटार अ‍ॅम्प्लिफायर (विवर्धक) असे म्हणतात. वाद्य योग्य इनपुटला जोडणे आणि गेन हे नियंत्रण योग्य पातळीवर ठेवणे, या त्याच्या वापरातील पहिल्या दोन पायऱ्या होत. त्या चुकल्यास ध्वनी फाटतो किंवा त्यात खरखर मिसळते आणि प्रसंगी स्पीकर निकामी होतो.

पार्श्वभूमी

फेंडर या अमेरिकन कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बास ही विद्युत् बास गिटार बाजारात आणली व १९५२ मध्ये तिच्यासाठी बासमन हा अ‍ॅम्प्लिफायर तयार केला. साध्या गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झ कंप्रतेचा स्वर देते, तर चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची तार त्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ४१ हर्ट्झ कंप्रतेचा. इतके खालचे स्वर स्पष्ट व मोठ्याने ऐकू येण्यासाठी अधिक शक्ती लागते. अँपेग कंपनीचा १९६९ मधील एसव्हीटी हा ३०० वॅटचा निर्वात नलिकांचा अ‍ॅम्प्लिफायर याच गरजेतून निर्माण झाला. १९७६ मध्ये आलेल्या म्युझिक मॅन स्टिंगरे या बास गिटारमध्ये बॅटरीवर चालणारे विवर्धक मंडल वाद्यातच बसविलेले होते. अशा ‘अ‍ॅक्टिव्ह’ वाद्यांचा प्रसार झाल्यावर अ‍ॅम्प्लिफायरवर दोन प्रकारचे इनपुट देण्याची प्रथा रूढ झाली.

इनपुटचे प्रकार

पॅसिव्ह इनपुट : ज्या वाद्यात बॅटरी नसते, त्यासाठी हा इनपुट असतो. यावर बहुधा ‘० डीबी’ असे लिहिलेले असते. त्याचा संरोध (इम्पिडन्स) साधारणपणे १० लाख ओहम इतका मोठा ठेवतात. संरोध कमी असल्यास पिकअपवर भार पडतो आणि वरच्या कंप्रता दबून ध्वनी मंद होतो.

अ‍ॅक्टिव्ह इनपुट : येथे संकेत आत शिरतानाच ठरावीक प्रमाणात कमी केला जातो. यास पॅड म्हणतात. पॅड १० डेसिबलचा असल्यास विद्युत् दाब सुमारे एकतृतीयांश होतो व १५ डेसिबलचा असल्यास एकषष्ठांशाच्या आसपास येतो. अनेक अ‍ॅम्प्लिफायरवर वेगळ्या जॅकऐवजी यासाठी एक बटण असते.

जुन्या धाटणीच्या अ‍ॅम्प्लिफायरवर १ व २ असे क्रमांक दिलेले जॅक आढळतात. त्यांपैकी दुसऱ्या जॅकमध्ये संकेत ६ डेसिबलने कमी, म्हणजे निम्मा होतो.

इनपुटची निवड नावावरून न करता संकेताच्या पातळीवरून करावी. जोरकस पिकअप असलेले पॅसिव्ह वाद्य पॅड असलेल्या इनपुटवर अधिक स्वच्छ वाजू शकते. उलट, सौम्य पातळीचे अ‍ॅक्टिव्ह वाद्य ० डीबी इनपुटवरही चालते. जॅकची अदलाबदल झाल्याने सहसा उपकरण बिघडत नाही. केवळ ध्वनी फाटतो किंवा क्षीण येतो.

याखेरीज ‘ऑक्स’ हा इनपुट ध्वनिमुद्रित संगीत जोडण्यासाठी असतो. ‘रिटर्न’ या जॅकमधून आलेला संकेत पूर्वविवर्धकाला वगळून पुढे जातो. त्यामुळे तेथे वाद्य जोडल्यास गेनचा नॉब फिरवूनही उपयोग होत नाही. स्पीकर आउटपुटचा जॅक काही अ‍ॅम्प्लिफायरवर इनपुटसारखाच दिसतो. त्याला वाद्य कधीही जोडू नये.

गेन आणि मास्टर

अ‍ॅम्प्लिफायरचे दोन मुख्य भाग असतात. पूर्वविवर्धक संकेताची पातळी वाढवून त्याला नाद देतो व शक्तिविवर्धक त्याला स्पीकर हलविण्याचे बळ देतो. गेन पहिल्या भागात संकेत किती पटींनी वाढवावा हे ठरवतो, तर मास्टर दुसऱ्या भागाकडे त्यातील किती संकेत सोडावा हे ठरवतो. ‘गेन म्हणजे आवाज’ हा समज म्हणूनच अपुरा आहे.

गेन फार कमी ठेवल्यास मास्टर बराच वाढवावा लागतो आणि त्याबरोबर मंडलातील खरखरही वाढते. गेन फार जास्त ठेवल्यास मंडलाला पेलवणाऱ्या दाबाच्या पलीकडे गेलेली लहरींची शिखरे छाटली जातात. यास क्लिपिंग म्हणतात. निर्वात नलिकांमधील सौम्य क्लिपिंग अनेक वादक हेतुपुरस्सर वापरतात. शक्तिविवर्धकातील सततचे क्लिपिंग मात्र घातक असते. छाटलेल्या लहरीतील सरासरी शक्ती वाढून स्पीकरचे वेटोळे तापते व जळू शकते.

गेन लावण्याची पद्धत

१. अ‍ॅम्प्लिफायर बंद असताना गेन व मास्टर शून्यावर आणावेत. स्वरनियंत्रणाचे सर्व नॉब मध्यावर ठेवावेत. कॉम्प्रेसर व ड्राइव्ह बंद ठेवावेत.

२. वाद्य आच्छादित (शील्डेड) इन्स्ट्रुमेंट केबलने जोडावे. स्पीकर केबलला आच्छादन नसल्याने ती वापरल्यास गुणगुण ऐकू येते.

३. वाद्यावरील व्हॉल्यूम पूर्ण ठेवून अ‍ॅम्प्लिफायर सुरू करावा.

४. प्रत्यक्ष कार्यक्रमात जितक्या जोराने वाजवायचे तितक्याच जोराने वाजवत गेन हळूहळू वाढवावा. स्लॅप पद्धतीने वाजवायचे असल्यास तेही करून पाहावे, कारण त्यातील आघात अधिक तीव्र असतात.

५. सर्वांत जोरदार आघाताला क्लिप दिवा क्षणभर लुकलुकू लागला की गेन किंचित कमी करावा. गेन अगदी कमी असतानाही दिवा लागत असल्यास पॅड वापरावा.

६. त्यानंतर मास्टर आवश्यक तेवढा वाढवावा.

७. स्वरनियंत्रणात खालच्या कंप्रता वाढविल्यास पातळीही वाढते; म्हणून गेन पुन्हा तपासावा.

बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये डीआय आउटपुटवरून ध्वनिमिश्रकाकडे जाणारा संकेत गेनवर अवलंबून असतो, मास्टरवर नव्हे. त्यामुळे कार्यक्रम सुरू असताना रंगमंचावरील आवाज कमी-जास्त करण्यासाठी मास्टरच वापरावा. गेन बदलल्यास प्रेक्षकांपर्यंत पोहोचणारी पातळीही बदलते.

सामान्य दोष व दक्षता

गेन कमी असूनही ध्वनी फाटत असल्यास प्रथम अ‍ॅक्टिव्ह वाद्यातील बॅटरी तपासावी. ९ व्होल्टची बॅटरी क्षीण झाल्यावर विकृती वाद्यातच निर्माण होते व अ‍ॅम्प्लिफायरवरील कोणताही नॉब ती दूर करू शकत नाही. बहुतेक अ‍ॅक्टिव्ह वाद्यांत केबल जोडताच बॅटरीचे मंडल सुरू होते. म्हणून वादन संपल्यावर केबल काढून ठेवावी. केबल जोडताना किंवा काढताना मास्टर शून्यावर असावा, अन्यथा मोठा धक्कादायक आवाज होऊन स्पीकर व श्रवणेंद्रिय दोहोंस इजा पोहोचू शकते. निर्वात नलिकांचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर जोडल्याशिवाय चालवू नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर निकामी होण्याचा धोका असतो.

हेही पाहा

बास गिटार
पिकअप
निर्वात नलिका
डेसिबल