शरदांतील भाजीचा वांटा

गृहस्थाश्रमांत ज्या गोष्टींचा विचार रोज करावा लागतो त्यांत भाजीचा क्रमांक बराच वरचा आहे. आणि तरीहि ती कोणीं, कोठें व कशी पिकविली याची चौकशी आपण क्वचितच करतों. गुजरींत जावें, भाव विचारावा, दोन रुपये उतरवून घ्यावेत आणि पिशवी भरून घरीं यावें, एवढाच आपला व भाजीचा संबंध. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांत आमचें आसगांव आहे. हा मुलूख धानाचा. बांध्यांच्या कडेनें, विहिरीच्या आश्रयानें, कोठें अर्धा एकर तर कोठें पाव एकर अशा भाजीच्या बाड्याहि येथें दिसतात. अशा बाडींतील भाजी कांहीं घरांनीं मिळून, हंगामाच्या आरंभींच पैसे देऊन, दर आठवड्यास वांट्याच्या रूपानें घ्यावी, अशी एक रीत अलीकडे शहरांतून रूढ होत आहे. ती आपल्या बाजूच्या एखाद्या लहान, सेंद्रिय बाडीला कितपत झेपेल, आणि घेणाऱ्या घरांना ती कितपत सोसेल, याचा विचार येथें करावयाचा आहे.

ही रीत परदेशांतून आली असें म्हणतात, तें बव्हंशीं खरें आहे. जपानांत १९७१ सालीं सेंद्रिय शेतीचा पुरस्कार करणारी एक संस्था स्थापन झाली, व रासायनिक विषांना कंटाळलेल्या गृहिणी आणि शेतकरी यांच्या परस्पर करारास तेथें ‘तेइकेई’ हें नांव मिळालें. अमेरिकेंत १९८६ सालीं मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर या दोन संस्थानांत एकेका शेतानें हाच मार्ग धरला. आपल्याकडे मुंबईंत ‘हरी भरी टोकरी’ या नांवानें अशीच साप्ताहिक टोपली घरोघर जाऊं लागली. आपल्या जुन्या गांवगाड्यांत बलुत्याचा वांटा होताच, असें कोणी म्हणेल. परंतु बलुतें हें पीक हातीं आल्यावर खळ्यावर दिलें जाई, आणि तें शेतकऱ्यानें द्यावयाचें असे. येथें खाणारा आधीं देतो, तेंहि पीक अद्याप मातींत असतांना. आमच्या मतें या योजनेंतील नवी गोष्ट ती हीच. भाजी बुडाली तर ती एकट्या शेतकऱ्याची बुडत नाहीं, खाणाऱ्याचीहि थोडी बुडते.

अशी योजना सुरू करावयास शरदृतु सोयीचा, असें प्रथमदर्शनीं वाटतें. पाऊस ओसरलेला, विहिरी भरलेल्या, ऊन स्वच्छ. प्रत्यक्षांत मात्र आश्विन महिना हा बाडीच्या दृष्टीनें सांध्याचा काळ होय. पावसाळ्यांत मांडवावर चढलेले दोडके, कारलीं व पडवळ यांचे वेल आतां थकलेले असतात. पानांवर भुरी पडते व फळें वांकडीं येऊं लागतात. भेंडी निबर होते. इकडे मेथी, पालक, मुळा, सांभार हीं थंडीचीं पिकें नुकतीं पेरलेलीं, आणि टमाटर व कोबी यांचीं रोपें अद्याप वाफ्यांत. एक संपलें आहे आणि दुसरें आलें नाहीं, अशा या तीन-चार आठवड्यांतच टोपली हलकी होते. आणि पैसे दिल्यानंतरच्या पहिल्या टोपल्या तर याच असतात!

जाणता बाडीवाला या सांध्याची तयारी ज्येष्ठ-आषाढांतच करून ठेवतो. काशीफळ व कोहळा यांचे वेल बांधावर सोडलेले असले म्हणजे भाद्रपदांत उतरविलेलीं फळें घरांत महिनोगणती टिकतात. टोपली रिकामी दिसूं लागली कीं एकेक फळ फोडून चार घरांत वांटतां येतें. आळूचा एक पट्टा सांडपाण्यावर असला तर पितृपंधरवड्यास तो उपयोगी पडतोच, पण पुढेंहि पानें देतो. पालेभाजीचें गणित याहून निराळें आहे. मेथी पेरल्यापासून चार आठवड्यांत उपटण्यास येते, पालक तेवढ्याच दिवसांत, मुळ्यास सहा-सात आठवडे लागतात. सगळी मेथी एकाच दिवशीं पेरली तर ती एकाच आठवड्यांत सर्वांच्या घरीं ढिगानें जाईल आणि पुढें महिनाभर दिसणार नाहीं. म्हणून दर आठ-दहा दिवसांनीं एक वाफा पेरावा लागतो. आमच्या भागांतील काळी जमीन परतीच्या पावसांत चिखल होऊन बसते, व बी कुजतें. त्याकरितां वाफे उंच, गादीसारखे करावे लागतात. बाजारांत भाजी विकणाऱ्यास या क्रमाची एवढी फिकीर नसते. आज जें निघालें तें त्यानें आज विकलें. वांटा देणाऱ्यास मात्र वेळापत्रक सांभाळावें लागतें; आणि शाळेचें वेळापत्रक ज्यांनीं आयुष्यभर मांडलें त्यांस हें काम किती किचकट असतें हें निराळें सांगावयास नको.

आतां वांग्याचा प्रश्न. विदर्भांतील बाडीला वांग्यासारखा आधार नाहीं. एकदां लावलें कीं महिनोन् महिने तोडा चालतो, आणि टोपलीला वजन येतें. परंतु आमच्यासारख्या घरांतून आषाढी एकादशीस जें वांगें, कांदा व लसूण वर्ज्य होतात, ते पुष्कळ ठिकाणीं मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्याचा नैवेद्य होईपर्यंत पुन्हां पानांत येत नाहींत. म्हणजे ज्या काळांत बाडी वांग्यांनीं लदलेली असते, त्याच काळांत आमच्या स्वयंपाकघराचें दार तिला बंद! हा आचार सोडावा असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. घरच्या वडील माणसांचा नेम आहे, तो त्यांनीं पाळावा. पण शेतकऱ्याशीं करार करतेवेळीं ही गोष्ट आरंभींच स्पष्ट सांगितली पाहिजे. नाहीं तर दर आठवड्यास दोन शेर वांगीं घरांत येतात, तीं मोलकरणीच्या हवालीं होतात, आणि ‘आम्हांला वांट्यांत कांहींच मिळत नाहीं’ अशी कुरकुर सुरू होते. ज्या घरीं नेम आहे त्यांस वांग्याऐवजीं दुधी, पडवळ किंवा चवळीच्या शेंगा द्याव्यात, व चंपाषष्ठीनंतर तो हिशेब वांग्यांनीं पुरा करावा, ही तोड आम्हांस बरी वाटते. वैद्यकशास्त्रहि शरदांत पित्ताचा प्रकोप सांगतें व कडू, तुरट आणि मधुर रसांचा आहार हितकर मानतें. तेव्हां कारलें व पडवळ जास्त आल्यास घरच्या मुलांनीं नाक मुरडलें तरी वडिलांनीं मुरडूं नये.

वांग्याचाच विषय निघाला आहे तर त्यावरील किडीचेंहि सांगणें प्राप्त आहे. शेंडा व फळ पोखरणारी अळी ही या पिकाची मोठी वैरीण. तिच्यासाठींच जनुक-बदलाचें बीटी वांगें पुढें आलें होतें. त्यावर देशांत सात शहरीं जाहीर सुनावण्या झाल्या, त्यांतील एक आपल्या नागपुरास होती. आणि फेब्रुवारी २०१० मध्यें केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं त्यास स्थगिती दिली. सेंद्रिय बाडींत या अळीचा बंदोबस्त हातानेंच करावा लागतो. मान टाकलेला शेंडा दिसला कीं तो खुडून नष्ट करावा, कामगंध सापळे लावावेत, शंभर लिटर पाण्यास पांच किलो निंबोळीचा अर्क करून फवारावा. एवढें करूनहि कांहीं वांगीं किडकीं निघतातच. वांटेकरी गृहिणीनें तें किडकें वांगें चिरून, खराब भाग काढून, बाकीचें वापरलें पाहिजे. ज्यांस हें पटत नाहीं त्यांनीं सेंद्रिय भाजीचा हव्यास धरूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

खताच्या बाबतींत आपल्याकडे ज्ञानाची वाण नाहीं. इंदूर येथें सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीं काडी-कचरा व शेण यांपासून खत कुजविण्याची जी पद्धत बसविली, तिच्यावरील १९३१ सालच्या ग्रंथावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांचें नांव आहे, ही गोष्ट आपल्या लोकांस फारशी ठाऊक नसते. अलीकडे सुभाष पाळेकर यांनीं सांगितलेलें जीवामृत पुष्कळ शेतकरी करतात: दोनशें लिटर पाण्यांत दहा किलो देशी गाईचें शेण, पांच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचें पीठ व मूठभर बांधावरची माती. हें मिश्रण दोन दिवस आंबवून एका एकरास देतात. आमच्याकडे अडचण कृतीची नाहीं, शेणाची आहे. बैल गेले, ट्रॅक्टर आले, आणि घरोघरचे उकिरडे आटले.

कार्तिक लागला म्हणजे आणखी एक संकट उभें राहतें. हलकें धान आश्विनांतच कापणीस येतें, भारी धान त्यामागोमाग. गांवांतील प्रत्येक विळा बांधींत असतो, व मजूर मिळत नाहीं. याच दिवसांत भाजीची तोडणी, निवडणी व जुड्या बांधणें करावयाचें. धान टाकून मेथी खुडावयास कोण जाईल? घरचींच माणसें पहांटे बाडींत व दिवसां बांधींत राबतात. त्यांत शेतीच्या पंपाची वीज पुष्कळदां रात्रीं येते. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचें रान याच तालुक्यास लागून आहे. रानडुकरें वाफे उकरतात तें एक वेळ सोसतां येतें, पण रात्रीं एकट्यानें पाणी देण्यास जातांना वाघाची भीति मनांत असते, व ती कल्पित नाहीं. आपल्या टोपलीतील पालकाच्या जुडीस ही किंमतहि चिकटलेली आहे.

पुराचें तर विचारूंच नये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला जो महापूर आला, त्यांत गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि पवनी, लाखांदूर व भंडारा या भागांत हाहाकार उडाला. अशा वर्षीं शरदाच्या वांट्याचें काय? पुरानंतर पहिले पांच-सहा आठवडे टोपली जवळजवळ रिकामी राहील हें उघड आहे.

म्हणून पैशाचा व्यवहार आधींच लेखी ठरवावा. त्रैराशिक सोपें आहे. समजा, बारा घरें आहेत, प्रत्येकास आठवड्यास चार किलो भाजी, घटस्थापनेपासून संक्रांतीपर्यंत चौदा आठवडे, आणि सरासरी भाव किलोस ४० रुपये. म्हणजे एका घराचे २,२४० रुपये व सर्वांचे मिळून २६,८८० रुपये होतात. यांतील अर्धे पोळ्याच्या सुमारास द्यावेत, कारण बियाणें व मजुरी यांचा खर्च तेव्हांच असतो व सावकाराचें दार ठोठवावें लागतें तेंहि तेव्हांच. उरलेले दिवाळीनंतर द्यावेत. पीक बुडाल्यास पहिला हप्ता परत मागूं नये. दुसऱ्यांतून किती वजा करावें हें सर्वांनीं एकत्र बसून ठरवावें. फळें व भाज्या राज्य सरकारनें २०१६ सालीं बाजार समितीच्या नियमनांतून काढल्या, तेव्हां शेतकऱ्यानें थेट घरोघर देण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. प्रमाणपत्राचा बाऊहि लहान बाडीनें करूं नये. वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आंत असलेल्या लहान उत्पादकास थेट ग्राहकाला विकतांना त्याची सक्ति नाहीं. खरें प्रमाणपत्र म्हणजे वांटेकऱ्यांनीं महिन्यांतून एकदां बाडींत जाऊन येणें. मुलांना बरोबर न्यावें. शेंगा वेलीला लागतात कीं जमिनींत, याविषयीं शहरांतल्या मुलांच्या कल्पना ऐकण्यासारख्या असतात.

एकत्र कुटुंबांत या योजनेचा भार शेवटीं सुनांवर पडतो, हेंहि विसरूं नये. काय येणार हें आदल्या दिवशीं दूरध्वनीवरून कळलें तर दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक ठरवितां येतो. न कळलें तर उपवासाच्या दिवशीं तीन किलो पालक दारांत येऊन पडतो. आठवडी बाजाराचा दिवस टाळून वांट्याचा वार ठरवावा. एका पाठोपाठ तीन आठवडे दोडके आले तर एकदां भाजी, एकदां डाळीत, व शिरांची चटणी. टोपली परत देतांना ती धुऊन द्यावी, आणि तीत घरच्या भाजीचीं देठें व सालीं घालून पाठवावीं. बाडीवाल्याच्या खताच्या खड्ड्यास त्यांची गरज आहे.