विश्लेषण : अक्षर तिरके केले की इटॅलिक होते का?

मजकूर निवडून तिरप्या ‘आय’चे बटण दाबले की अक्षरे कलतात. पण खरे इटॅलिक नुसते कलवून मिळत नाही. ते वेगळे रेखाटावे लागते.

त्याचा जन्म व्हेनिसचा. प्रकाशक आल्डस मॅन्युशियससाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने तिथल्या विद्वानांच्या धावत्या हस्ताक्षरावरून हा टाइप कोरला. १५०१ मध्ये रोमन कवी व्हर्जिलचे हातात मावणारे पुस्तक अखंड त्यातच छापले गेले. गंमत म्हणजे त्यातली कॅपिटल अक्षरे सरळच उभी होती! आल्डसने सरकारकडून हक्क मिळवले, तरी फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या छापखान्यांनी नक्कल केलीच.

खरे-खोटे ओळखायचे कसे? गॅरामाँडसारखा सेरिफ, म्हणजे टोकांना बारीक पाय असलेला फॉन्ट घ्या. इंग्रजीतल्या छोट्या ‘ए’वरची कमान इटॅलिकमध्ये जाते, तो हाताने लिहिल्यासारखा गोल होतो. ‘एफ’ची शेपटी ओळीखाली उतरते. फॉन्टमध्ये इटॅलिक नसेल तर सॉफ्टवेअर सरळ अक्षरेच ढकलते. ‘ए’ची कमान तशीच राहते.

पुस्तकांची नावे, परभाषेतले शब्द, प्राण्या-वनस्पतींची शास्त्रीय नावे यांसाठी इटॅलिक वापरतात. लग्नपत्रिकेवर ते देखणे दिसते. पानभर मात्र डोळ्यांना शिणवते.

देवनागरीत अशी परंपरा नाही. त्यामुळे मराठी मजकुरावर ते बटण दाबले की बहुतेकदा शिरोरेषा आडवीच राहते, काना कलंडतो आणि गोलाई बिघडते. छोट्या स्क्रीनवर जोडाक्षरे वाचताना अडखळायला होते. मराठीत शब्द उठून दिसायला हवा असेल, तर ठळक टाइप किंवा एकेरी अवतरणचिन्ह पुरते.